प्रवासवर्णनांतलें ओझें

मराठींत सध्यां प्रवासवर्णनांचा सुकाळ आहे. एके काळीं विलायतेस जाऊन आलेला गृहस्थ गांवांत एखादाच असे. त्यानें परत येऊन पुस्तक लिहिलें तर तें नवलाईनें वाचलें जाई, आणि त्याच्या सांगण्याचा पडताळा पाहण्याची सोय वाचकापाशीं नसे. आज ती स्थिति राहिलेली नाहीं. ठाण्यापासून डोंबिवली-कल्याणपर्यंतच्या पट्ट्यांत ज्याच्या नात्यागोत्यांतलें कोणीच परदेशीं गेलेलें नाहीं असें सुशिक्षित घर शोधूनच काढावें लागेल. मुलगा जर्मनींत, मुलगी हॉलंडांत, आणि आईवडील उन्हाळ्याचे तीन महिने तिकडे, हा क्रम आतां नित्याचा झाला आहे. जाणारे वाढले तसे लिहिणारेही वाढले. कल्याणचें सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचें, ठाण्याचें मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचें. अशा जुन्या ग्रंथालयांच्या सभासदांना प्रवासवर्णनाचें नवें पुस्तक हातीं येणें ही आतां विशेष गोष्ट वाटत नाहीं.

पुस्तकें पुष्कळ झालीं म्हणजे टीकाकाराचें काम वाढतें, परंतु हीं पुस्तकें बहुधा एकाच साच्यांतून निघालेलीं असल्यामुळें तें काम हलकेंही होतें. पॅरिसचा मनोरा, रोमचें रंगमंडळ, स्वित्झर्लंडांतलें बर्फ, व्हेनिसच्या होड्या हीं स्थळें क्रमानें येतात. प्रत्येक स्थळाचा इतिहास थोडक्यांत दिलेला असतो, आणि शेवटीं स्वदेशाच्या आठवणीनें लेखकाचे डोळे पाणावतात. यांत चूक असें कांहीं नसतें. तरी पुस्तक मिटल्यावर मन रितें राहतें. असें कां होतें याचा विचार करतां करतां आम्हांस एक साधी कसोटी सुचली आहे. पुस्तक वाचतांना मधून मधून विचारावें: या प्रवाशाचें सामान या क्षणीं कोठें आहे?

प्रश्न क्षुल्लक दिसतो, पण विचारून पाहावा. एका प्रकरणाच्या शेवटीं लेखक पॅरिसच्या नदीकांठीं सूर्यास्त पाहत असतो. पुढचें प्रकरण उघडावें तों तो झुरिचच्या तळ्यावर उभा. मध्यंतरीं काय झालें? दोन मोठ्या बॅगा, एक पिशवी, एक औषधांचा डबा आणि मागें पडलेली पत्नी यांसह हा गृहस्थ कोठल्या तरी मधल्या स्थानकावर उतरला असलाच पाहिजे. गाडी बदलण्यास दहा-बारा मिनिटें मिळालीं असतील. फलाटाचा अंक आयत्या वेळीं बदलला असेल. सूचना परक्या भाषेंत झाली असेल. जिना उतरून, भुयारांतून जाऊन, दुसरा जिना चढून त्यानें उंच पायरीच्या डब्यांत तें सामान कसेंबसें लोटलें असेल. छातींतली धडधड पुढचीं दोन स्थानकें गेलीं तरी थांबली नसेल. प्रवासांत खरोखर घडलेलें असें कांहीं असेल तर तें हेंच. मनोरा तर छायाचित्रांत पूर्वींच पाहिलेला असतो. आणि नेमकें हेंच पुस्तकांत नसतें.

अशा वगळण्यानें केवळ एक मजेदार प्रसंग हातचा जातो असें आम्हांस म्हणावयाचें नाहीं. प्रवासी कोण आहे, त्याची ऐपत काय, त्याला भय कशाचें, त्याच्याकरितां कोण राबतें, या सर्व गोष्टी त्याच्या सामानावरून आणि तें उचलणाऱ्या हातांवरून कळतात. सामान काढून टाकलें कीं लेखक वायुरूप होतो. तो सर्वत्र असतो, पण कोठेंच त्याचा भार पडत नाहीं. मग त्याच्या जागीं दुसरा कोणीही लेखक उभा केला तरी चालतें, आणि साचा तयार होतो तो असा.

या बाबतींत आमच्या भागांतल्या वाचकाला फसविणें अवघड आहे. कल्याण हें गांव ओझें बदलण्याच्या जोरावरच नांवारूपास आलेलें आहे. ग्रीक भाषेंतील 'पेरिप्लस' या जुन्या व्यापारी प्रवासग्रंथांत कल्याणचें नांव येतें. कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांत कल्याणच्या दात्यांचे उल्लेख आहेत. गलबतांतून उतरलेला माल येथें बैलांच्या पाठीवर चढे आणि नाणेघाटानें जुन्नरकडे जाई. घाटाच्या माथ्यावर जकातीचा म्हणून दाखविला जाणारा दगडी रांजण आजही लोक पाहून येतात. रूळ आले तेव्हां हेंच काम नव्या साधनांनीं चालू राहिलें. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास पहिली गाडी आली; चौदा डबे, सुमारें चारशें निमंत्रित आणि तीन एंजिनें असा तो थाट होता. समारंभास निघालेल्या पाहुण्यांपाशीं ट्रंका कोठून असणार! पण १८५४ सालीं गाडी कल्याणास पोंचली, पुढें एक फांटा बोरघाटाकडे आणि दुसरा थळघाटाकडे गेला, आणि तेव्हांपासून सामान घेऊन गाडी बदलणारा माणूस हें कल्याणच्या फलाटावरचें कायमचें दृश्य झालें.

त्या आरंभीच्या काळांतली एक हकीकत आमच्या मुद्द्यास फार उपयोगी आहे. मुंबईकडून खोपोलीपर्यंत गाडी १८५६ सालीं सुरू झाली आणि पुणें-खंडाळा हा मार्ग १८५८ सालीं. परंतु मधल्या बोरघाटांतले रूळ पुरे होण्यास १८६३ साल उजाडलें. म्हणजे पांच वर्षें मुंबईहून पुण्यास जाणाऱ्यास खोपोलीस गाडींतून उतरावें लागे. पालखी, तट्टू किंवा गाडी करून घाट चढावा लागे. आणि खंडाळ्यास दुसरी गाडी धरावी लागे. एका गाडीपासून दुसऱ्या गाडीपर्यंतचें अंतर कांहीं पावलांचें नव्हे, अखंड घाटाचें होतें! त्या घाटानें किती वळकट्या, किती पेट्या आणि किती गाठोडीं माणसांच्या व जनावरांच्या अंगावरून वर गेलीं असतील याची कल्पनाच करावी. आगगाडीच्या आगमनाचा इतिहास आम्ही वाफेच्या आणि पोलादाच्या पराक्रमाचा म्हणून शिकतों. तो त्या पांच वर्षांत पालखीच्या दांड्याखालच्या खांद्यांचाही होता.

जुन्या मराठी प्रवासग्रंथांकडे वळलें म्हणजे आमची कसोटी किती फलदायी आहे हें दिसून येतें. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ सालीं काकांबरोबर घरून निघाले ते यज्ञाची दक्षिणा मिळवून घरचें कर्ज फेडावें म्हणून. वाटेंत बंडाची धामधूम उठली आणि हा भिक्षुक ब्राह्मण झांशीच्या वेढ्यांत सांपडला. त्यांनीं पुढें पंचवीस एक वर्षांनीं लिहिलेला 'माझा प्रवास' हा ग्रंथ चिं. वि. वैद्य यांनीं १९०७ सालीं प्रसिद्ध केला. इतिहासाचा साधनग्रंथ म्हणून त्याची वाखाणणी पुष्कळ झालेली आहे. वाङ्मय म्हणून त्याची गोडी कशांत आहे? आमच्या मतें ती ओझ्यांत आहे. गांठीस बांधलेलें द्रव्य मिळतें, लपवावें लागतें, लुटलें जातें, पुन्हां मिळतें, पुन्हां लुटलें जातें. शेवटीं दक्षिणेचा बहुतेक भाग गमावलेला हा गृहस्थ गंगाजळाची कावड खांद्यावर घेऊन चालत कोंकणांत परत येतो आणि आईबापांना त्या पाण्यानें स्नान घालतो. निघतांना द्रव्याची आशा आणि परततांना पाण्याची कावड, या दोन ओझ्यांमध्यें सबंध ग्रंथ उभा आहे. कावड ही मुक्कामीं कोठेंही आपटून चालत नाहीं हें ज्याला ठाऊक आहे, त्याला ती वाट किती लांब होती हें कोसांचा आंकडा न सांगतांही कळतें.

दुसरें उदाहरण मराठी ग्रंथाचें नव्हे, पण त्यांत एक मराठी माणूस आहे. महात्मा गांधींची आत्मकथा प्रवासवर्णन म्हणून कोणी वाचीत नाहीं. तथापि तिच्यांतले आगगाडीचे दोन प्रसंग आमच्या लेखकांनीं पाठ करावेत. १८९३ सालीं पीटरमारित्झबर्गला त्यांना पहिल्या वर्गाच्या डब्यांतून उतरविण्यांत आलें, हें सर्वांस माहीत आहे. पण आत्मकथेंत त्या रात्रीची थंडी आमच्या अंगास झोंबते ती एका लहानशा तपशिलामुळें: अंगरखा सामानांत होता, सामान रेल्वेच्या ताब्यांत होतें, आणि तें मागावयास गेलें तर पुन्हां अपमान होईल म्हणून त्यांनीं तें मागितलें नाहीं. अपमानाचें वर्णन विशेषणांनीं झालें असतें. तें त्या न मागितलेल्या अंगरख्यानें झालें आहे. पुढें १९०२ सालीं कलकत्त्याहून राजकोटला तिसऱ्या वर्गानें जाण्याचें त्यांनीं ठरविलें. तेव्हां गोपाळ कृष्ण गोखले यांनीं धातूचा फराळाचा डबा घेऊन तो लाडू-पुऱ्यांनीं भरून दिला. बारा आण्यांची किंतानी पिशवी, लोकरी लांब कोट, एक धोतर, एक पंचा, एक सदरा, पांघरण्यास कांबळें आणि पाण्याचा तांब्या, अशी सामानाची याददास्तच लेखकानें दिली आहे. नामदार गोखल्यांच्या मनाचा मोठेपणा सांगणारे ग्रंथ आहेत. पण तिसऱ्या वर्गास निघालेल्या तरुण स्नेह्यासाठीं डबा भरविणारे गोखले त्या एका ओळींत जितके जवळचे वाटतात तितके अन्यत्र क्वचित् वाटतात.

तिसरें उदाहरण अण्णा भाऊ साठे यांचें. वाटेगांवाहून मुंबईपर्यंत आईबापांबरोबर पायीं आलेला हा मुलगा. मुंबईंत त्यानें पोटासाठीं नाना प्रकारची मजुरी केली, तींत हमालीही होती. १९६१ सालीं तो सोव्हिएट रशियास जाऊन आला आणि त्यानें 'माझा रशियाचा प्रवास' लिहिला. त्याच मुलुखाची वाट अनंत काणेकर यांनीं 'धुक्यांतून लाल ताऱ्याकडे' या १९४० सालच्या पुस्तकानें मराठी वाचकास अगोदर दाखविली होती, आणि तें पुस्तक आपल्या जागीं सुंदरच आहे. पण अण्णा भाऊंचें पुस्तक हातीं घेणाऱ्याच्या मनांत एक पहिला प्रवास अगोदरच चाललेला असतो: अनवाणी, लहान पावलांचा, मुंबईच्या दिशेचा. ज्याच्या डोक्यावर एके काळीं दुसऱ्याचें ओझें होतें तो माणूस परक्या राजधानींतील फलाटावर उतरतो तेव्हां तो तेथें काय पाहील आणि सुखवस्तु प्रवासी काय पाहील, यांत फरक पडणारच.

ओझें नसणें हीसुद्धां ओझ्याचीच एक तऱ्हा आहे. गो. नी. दांडेकर यांची 'कुणा एकाची भ्रमणगाथा' (१९५७) नर्मदेच्या परिक्रमेस निघालेल्या निष्कांचन माणसाची आहे. तेथें झोळींत काय आहे यापेक्षां काय नाहीं याला महत्त्व, आणि त्या नसण्यामुळेंच वाटेवरचें प्रत्येक घर, प्रत्येक भाकरी वाचकास मोलाची वाटते. तात्पर्य, सामान पुष्कळ असावें असा आमचा आग्रह नाहीं. तें आहे कीं नाहीं, आणि असल्यास कोणाच्या अंगावर आहे, एवढें लेखकानें विसरूं नये.

आतां विलायतच्या वाटेकडे येऊं. दुसऱ्या महायुद्धापूर्वीं मुंबईच्या बॅलार्ड पियरवरून बोटीनें निघालेला मराठी विद्यार्थी मार्सेल्सला उतरला, आणि सरळ खाडीपर्यंत नेणारी खास गाडी त्याला परवडली नाहीं, तर त्याचें सामान लंडनपर्यंत किती हातांतून जाई तें मोजून पाहावें. मार्सेल्सला बोटींतून गाडींत. पॅरिसला दक्षिणेकडची गाडी गार द लियाँ या स्थानकावर थांबे आणि कॅलेची गाडी गार द्यु नॉरवरून सुटे. म्हणून एकदां गाडींतून मोटारींत आणि पुन्हां मोटारींतून गाडींत. कॅलेस गाडींतून बोटींत, डोव्हरला बोटींतून गाडींत, आणि लंडनला व्हिक्टोरिया स्थानकावर गाडींतून मोटारींत. सहा वेळां उचल आणि सहा वेळां ठेव! प्रत्येक ठिकाणीं निळ्या किंवा पट्टेदार पोषाखांतला हमाल, प्रत्येक ठिकाणीं निराळें नाणें, आणि बक्षीस किती द्यावें याची घालमेल. गोऱ्या माणसानें आपलें ओझें उचललें, हा त्या पिढींतल्या हिंदी प्रवाशाच्या मनावर केवढा विलक्षण संस्कार झाला असेल! बोरीबंदरवर ज्या गोऱ्या टोपीस वाट करून द्यावी लागे, तिच्याच देशांत तिचाच भाऊबंद आपली ट्रंक खांद्यावर घेऊन पुढें चालत आहे. साम्राज्यावर दहा व्याख्यानें ऐकून जें उमगणार नाहीं तें या एका दृश्यांत होतें. अशा दृश्यावर थांबून विचार करणारें पान आमच्या प्रवासवाङ्मयांत फार क्वचित् आढळतें.

आजची स्थिति नेमकी उलटी आहे, आणि म्हणूनच ती तितकीच बोलकी आहे. युरोपांतल्या बहुतेक स्थानकांवर हमाल आतां दिसत नाहीं. लिफ्ट असते, सरकता जिना असतो, सामान कुलुपांत ठेवण्याचे खण असतात; स्वित्झर्लंडांत तर पैसे भरून सामान एका स्थानकाहून दुसऱ्या स्थानकास वेगळें पाठवितां येतें. पण लिफ्ट बंद असली आणि गाडी उशिरानें आली म्हणजे कोणास हांक मारावी? कोणासच नाहीं. ज्या गृहस्थानें जन्मभर कल्याणास उतरतांच खिडकींतून 'हमाल!' अशी आरोळी दिली, तो साठाव्या वर्षीं फ्रँकफुर्टच्या फलाटावर प्रथमच आपलें ओझें आपण उचलतो. शेजारीं त्याच्याच वयाची जर्मन बाई आपली बॅग आपण ओढीत जात असते आणि त्यांत तिला कमीपणा वाटत नसतो. या क्षणीं आमच्या गृहस्थाच्या मनांत काय येत असेल? श्रम, लाज, थोडा अभिमान, आणि कदाचित् कल्याणच्या त्या लाल सदऱ्यांतल्या माणसाची आठवण. समाजशास्त्राचे मोठे ग्रंथ ज्याची चर्चा करतात तो प्रश्न येथें माणसाच्या दंडांत दुखूं लागलेला असतो. आमचा लेखक मात्र ती दुखरी जागा झांकतो आणि पुढच्या पानावर आल्प्सच्या शिखरांवर चढतो.

कोणी म्हणेल, सामानाचा विषय मराठी लेखकांनीं अगदींच टाकलेला नाहीं. त्यावर विनोद तर भरपूर झालेला आहे. खरें आहे. पु. ल. देशपांडे यांच्या 'अपूर्वाई'नें १९६० सालीं मध्यमवर्गाच्या परदेशगमनाला विनोदाची वाट मोकळी करून दिली, आणि त्या वाटेनें पुढें पुष्कळ लोक गेले. पु. लं.च्या ठिकाणीं विनोदाच्या तळाशीं माणसाविषयींचा जिव्हाळा होता. अनुकरण करणाऱ्यांनीं त्यांतली थट्टा तेवढी उचलली. म्हणून आजच्या प्रवासवर्णनांत सामान येतें तें बहुधा एकाच रूपानें: 'सौं.च्या बॅगा.' तिनें गोडा मसाला घेतला, भाजणी घेतली, मेतकूट, कुळथाचें पीठ, पापड, लोणच्याची बरणी घेतली. वजनकांट्यावर बॅग तेवीस किलोंच्या वर गेली. विमानतळावर ती उघडावी लागली. सर्वांसमक्ष फजिती झाली. वाचक हंसतो. आम्हीही एके काळीं हंसलों असूं. पण ती बरणी कोणासाठीं होती हें या लेखकांना एकदांही विचारावेंसें वाटत नाहीं. ती बहुधा तिकडे असलेल्या मुलासाठीं, सुनेच्या डोहाळ्यांसाठीं, नातवाला आजीच्या हातची चव कळावी म्हणून होती. आणि बोधे गृहस्थांना परदेशांत चार दिवसांनीं वरणभाताची आठवण झाली, तेव्हां त्याच थट्टेच्या बॅगेंतून त्यांचें जेवण निघालें असलेंच पाहिजे. सामान भरतांना घरांतली स्त्री सबंध प्रवासाचा अगोदर विचार करीत असते. ताप आला तर, गाडी चुकली तर, थंडी वाजली तर. ज्या पुस्तकाचा लेखक तिला फक्त विनोदाचें साधन करतो, त्यानें आपल्या प्रवासाच्या अर्ध्या कर्त्रीस पुस्तकाबाहेर उभें केलें आहे. पंडिता रमाबाई १८८३ सालीं दोन वर्षांच्या मनोरमेस घेऊन विलायतेस गेल्या. पार्वतीबाई चिटणवीस यांचें 'आमचा जगाचा प्रवास' १९१५ सालीं प्रसिद्ध झालें. स्त्रियांनीं लिहिण्याची ही परंपरा आमच्यांत जुनी आहे. आजच्या लेखिकांनीं तरी ती बॅग कोणी भरली, कोणी तोलली आणि जिन्यावर कोणी ओढली, हें आपल्या बाजूनें सांगावें अशी आमची अपेक्षा आहे.

विनोदापलीकडे जाण्याचें आणखी एक कारण आहे. सामानासह गाडी बदलणें ही आमच्या भागांत निव्वळ गमतीची गोष्ट नाहीं. पुण्याहून नाशिकला सरळ लोहमार्ग अद्याप नाहीं. रुळांवरून जावयाचें तर कल्याणचा किंवा दौंड-मनमाडचा वळसा पडतो. गणपतीच्या दिवसांत डोंबिवलीचा कोंकणी चाकरमानी दिवा स्थानकावर सावंतवाडीची गाडी धरावयास जातो, तेव्हां त्याच्या एका हातांत मूल आणि दुसऱ्या हातांत मखराचें सामान असतें. २९ सप्टेंबर २०१७ रोजीं परळ आणि एल्फिन्स्टन रोड यांना जोडणाऱ्या पुलावर, म्हणजे एका मार्गाची गाडी सोडून दुसऱ्या मार्गाची धरण्याच्या वाटेवरच, चेंगराचेंगरींत २३ माणसें गेलीं. ९ जून २०२५ रोजीं मुंब्र्यापाशीं दारांत लोंबकळणारे प्रवासी रुळांवर पडून मृत्युमुखीं पडले, तेव्हां पाठीवरच्या पिशव्यांचाही चर्चेंत उल्लेख झाला. ज्या वाचकाला पिशवी पोटाशीं धरावी कीं पाठीशीं हा रोजचा निर्णय करावा लागतो, त्याच्यापुढें भारहीन प्रवासाचें वर्णन ठेवणें म्हणजे त्याच्या अनुभवाचा अनादर करणें होय.

आणि तो हमाल? त्याच्याविषयीं चार शब्द लिहिल्यावांचून हा विषय पुरा होत नाहीं. 'हमाल' हा शब्द अरबींतून आला, त्याच्या मुळाशीं ओझें हाच अर्थ आहे; आमचा स्वतःचा शब्द 'माथाडी', त्यांत तर माथाच आहे. १९६९ सालीं महाराष्ट्रानें माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठीं कायदा केला, ही या प्रांताला भूषणावह गोष्ट आहे. रेल्वेच्या परवानेदार हमालांपैकीं पुष्कळांना २००८ सालच्या अंदाजपत्रकानंतर रुळांच्या देखभालीचें काम देऊं करण्यांत आलें, आणि २०१६ सालीं उरलेल्यांना 'सहायक' म्हणावें असें जाहीर झालें. नांव बदललें, डोक्यावरची चुंबळ तीच राहिली. त्याच्या धंद्यावर खरा आघात केला तो चाकांच्या बॅगेनें. चाकें लावलेल्या बॅगेचें पेटंट अमेरिकेंत १९७२ सालीं निघालें, आणि पुढें १९८७ सालीं एका वैमानिकानें ती उभी करून दांड्यानें ओढण्याची युक्ति काढली. फलाटाच्या फरशीवर ही युक्ति अजोड आहे. जिन्याच्या पहिल्या पायरीशीं मात्र चाकें व्यर्थ होतात आणि सामान पुन्हां माणसाच्या अंगावर येतें. आमच्या प्रवासवर्णनांत हमाल भेटतो तो घासाघीस करणारा, पैसे अडवून मागणारा म्हणून. त्याच्या बाजूनें त्या घासाघिशीकडे पाहिलेलें आम्हांस फारसें आठवत नाहीं. रेल्वेच्या नियमानें वातानुकूलित पहिल्या वर्गास ७० किलो सामान मोफत, शयनयानास ४० आणि दुसऱ्या वर्गास ३५. म्हणजे ज्याला हमाल परवडतो त्याला ओझ्याची सवलत अधिक, आणि ज्याला स्वतःच उचलणें भाग आहे त्याला कमी. या साध्या आंकड्यांत जो उपहास आहे, तो दिसण्यास मोठी प्रतिभा लागत नाहीं. फलाटावर घटकाभर उभें राहिलें म्हणजे पुरे.

भाषेचाही येथें प्रश्न आहे. ओझ्याच्या बाबतींत मराठी किती संपन्न आहे पाहा: गाठोडें, बोचकें, वळकटी, पडशी, झोळी, खुर्जी, कावड, मोट, बोजा, ट्रंक. प्रत्येक शब्दांत वाहण्याची रीत आणि वाहणारा दडलेला आहे. पडशी खांद्यावर दोहों बाजूंस लोंबते, म्हणून तिचा धनी पायीं चालणारा. खुर्जी घोड्यावर, म्हणून तिचा धनी स्वार. वळकटी म्हटली कीं रात्रीचा प्रवास आला. ट्रंक म्हटली कीं ती उचलण्यास दुसरें माणूस आलें. हे सर्व शब्द टाकून आजच्या लेखकानें 'बॅग' आणि 'लगेज' या दोनच शब्दांवर संसार मांडला आहे. परक्या शब्दांचें आम्हांस वावडें नाहीं. बॅगेला बॅगच म्हणावें. पण शब्द उणावले तसें पाहणेंही उणावलें आहे, एवढें म्हणणें प्राप्त आहे. विंचवाचें बिऱ्हाड पाठीवर, अशी म्हण करणाऱ्या लोकांना पाठ आणि बिऱ्हाड यांचा संबंध कोणी नव्यानें शिकवावयास नको होता.

आमच्या या मतावर एक आक्षेप येईल, आणि तो विचार करण्याजोगा आहे. वाचक प्रवासवर्णन हातीं घेतो तें घटकाभर आपल्या जाचांतून सुटावें म्हणून. त्याला पुन्हां जिने आणि ओझीं कशाला दाखवितां? घामाचें वर्णन म्हणजे वाङ्मय नव्हे. हें आम्हांस मान्य आहे. प्रत्येक स्थानकावरच्या प्रत्येक पिशवीची मोजदाद करणारें पुस्तक असह्य होईल, आणि परदेशांतल्या गैरसोयींची तक्रारवही हा साच्याला पर्याय नव्हे. परंतु सुटकेचाही एक नियम आहे. भार प्रथम अंगावर असेल तरच तो उतरल्याचें सुख कळतें. गोडशांची कावड घरच्या ओटीवर टेकते तेव्हां वाचकाच्याही खांद्याला हलकें वाटतें, कारण तो इतका वेळ ती वाहत आलेला असतो. जेथें ओझेंच नव्हतें तेथें विश्रांति कशाची? आल्प्सचें शिखरही, दोन जिने बॅग ओढून आल्यावर गाडीच्या खिडकींतून दिसलें, तर निराळें दिसतें. तें आपण मिळविलेलें असतें.

म्हणून नव्या प्रवासलेखकांना आमची सूचना अगदीं लहान आहे. मनोऱ्याचीं चार पानें कमी करावींत आणि एक पान मधल्या स्थानकास द्यावें. गाडींतून उतरल्यापासून दुसरी गाडी सुटेपर्यंत आपण काय उचललें, कोणी हात लावला, कोणी लावला नाहीं, कोण मागें राहिलें, आणि त्या वेळीं आपण त्याच्यावर ओरडलों काय, हें खरें खरें लिहावें. या पानावरून लेखकाची शैली कळेल, त्याचें घर कळेल, आणि दोन देशांतला फरकही कळेल. पान खोटें उतरलें तर तेंही लपणार नाहीं. कसाऱ्याची गाडी सोडून कर्जतची धरण्यासाठीं ज्यानें कल्याणचा पूल सामानासह ओलांडला आहे, तो वाचक या एका विषयांत कोणत्याही टीकाकारापेक्षां अधिक जाणता आहे.